ताईबाईंना पाहायला डॉक्टर येतात

साक्री तालुक्यातल्या त्या गावात कोणासाठीही मुलगी पाहायला जायचं झालं, तर जीपमधली पुढची जागा ताईबाईंची. स्वतःच्या घरातली लग्नं चारच, पण पाहिलेल्या मुली साठाच्या वर. दुसरी अर्ध्यावर सोडलेली बाई, सही करायला पाच मिनिटं घ्यायची, पण मुलगी आतल्या दारातून सतरंजीपर्यंत येईतो तिचं सगळं पुस्तक वाचून मोकळी. चाल बघायची. हसवून दात बघायचे. मग सहज म्हणून म्हणायचं, "बाई गं, तेवढी कळशी आत ठेव बरं." आणि मुलगी कळशी उचलत असताना कळशीकडे नाही, तिच्या नाकपुड्यांकडे बघायचं. धापली की संपलं. पोहे खाऊन, हात धुऊन, उठताना एकच शब्द टाकायचा, "कळवतो."

हा शब्द ऐकल्यावर पोस्टमनची वाट बघत बसलेला मुलीचा बाप अख्ख्या खानदेशात अजून जन्मला नाही.

तर अशा ताईबाईंना चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर कोणीतरी पाहायला येणार होतं. पाहायला येणार होते मुंबईचे डॉक्टर.

झालं असं, की खोकल्याचं औषध घ्यायला गेल्या तेव्हा साक्रीच्या डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, पुन्हा ऐकली, आणि तोंड बारीक करून ताईबाईंच्या मुलाला, सुकदेवला, बाजूला घेतलं. आईच्या काळजातली एक झडप नीट मिटत नाही म्हणाले. पुढे ढकललेलं रक्त मागे गळतं, काळीज दुप्पट काम करतं आणि सुजत जातं. धुळ्याच्या एका दवाखान्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुंबईहून हृदयाचे डॉक्टर भिसे येतात. ते पेशंट पाहतात आणि महिन्याला चार जण निवडून मुंबईला नेतात, नवी झडप बसवायला. खर्च तिथली एक संस्था करते. जागा मात्र चारच.

"म्हणजे पसंत पडलो तर नेतील," ताईबाई म्हणाल्या.

"तसंच समज, आई."

"मग काय ते मी बघते. माझ्यासमोर पसंत-नापसंतीच्या गोष्टी कोणी करू नये."

आता खरी गोष्ट अशी होती, की ताईबाईंना दम लागत होता. दोन वर्षांपासून. पण ही गोष्ट गावात कोणाला म्हणजे कोणाला माहीत नव्हती, कारण त्यांनी दम लागण्यावर एक नामी इलाज शोधला होता. घरून मारुतीच्या देवळापर्यंत जाताना दम भरला, की त्या जो ओटा समोर येईल तिथे थांबायच्या आणि चौकशी करायच्या. "काय गं, सून आली का माहेराहून?" "म्हशीचं काय झालं?" समोरची बाई सांगत बसायची, ताईबाई माना डोलवत श्वास गोळा करायच्या. तिची गोष्ट संपायची आणि यांचा दम परत यायचा. यशोदाबाईंचा ओटा बरोबर अर्ध्या वाटेवर होता, तिथे तर रोजचा थांबा. यशोदाबाई गावभर सांगत सुटल्या होत्या, "ताईबाई जिभेने तिखट, पण माझ्यावर माया फार. माझ्या गुडघ्याचं विचारल्याशिवाय देवदर्शनालासुद्धा जात नाहीत."

पायांना सूज यायची, तर म्हणायच्या चपला आटल्या. जिन्नस उचलवत नसे, तर म्हणायच्या सुनेला काम नको का? झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा कायदा. मुठीत काय आहे हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे सून प्रमिला.

शनिवारी तयारी झाली. ताईबाईंनी डोक्यावरून न्हाऊन घेतलं, जांभळी नऊवारी काढली आणि सुनेला समोर बसवलं.

"उद्या डॉक्टर काही विचारीन. तू चूप बठ. माले काही व्हयेल नही, बठ्ठं ठीक शे, इतकंच."

"अक्का, पण दम लागस तो?"

"तुले कोणी विचारं?" ताईबाईंचा आवाज चढला. "पाहायला येतात त्यांच्यापुढे कोणी आपली खोड सांगतं का? मुलीला ताप असला तरी पावडर लावून बसवतात. नवी झडप बसवायची, ती काय मरतुकड्या बाईला बसवतील? धडधाकट बघूनच निवडतील ना! बैलसुद्धा लंगडा कोणी विकत घेतं का?"

हिशेब अगदी बिनचूक दिसत होता. प्रमिलाने मान हलवली आणि डावा कान सासूकडे करून भाकऱ्या बांधायला लागली.

त्या डाव्या कानाची एक वेगळीच गोष्ट आहे, ती पुढे येईल.

रविवारी सकाळच्या गाडीने तिघं धुळ्याला उतरली. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सोळा पेशंट. ताईबाईंनी सवयीने सगळ्यांवर एक नजर फिरवली आणि मनातल्या मनात चौदा नापास केले. बाकावर शेजारी शिंदखेड्याकडचे हिलालभाऊ म्हणून एक शेतकरी बसले होते. दाढी चार दिवसांची, सदऱ्याची दोन बटणं गेलेली, पाय भोपळ्यासारखे. श्वास असा, की भाता चालू आहे.

"यांना कोण घेणार!" ताईबाई सुनेच्या उजव्या कानात म्हणाल्या. "सदऱ्याला बटण नाही."

आधी लता सिस्टरने वजन केलं. मग बॅटरी घेऊन म्हणाली, "आ करा."

"दात कशाला? छाती दाखवायला आले मी."

"दात किडके असले की ती कीड रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसते, म्हणून आधी दात." तिने आत उजेड टाकला. "मिसरी लावता?"

"छे."

"मग हे काळं?"

"आमच्या माहेरचं पाणीच तसं आहे."

सिस्टरने काहीतरी लिहिलं. ताईबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपले दात मोजल्यासारखं वाटलं, आणि साठ मुली एका ओळीने डोळ्यांपुढून हसत गेल्या.

मग अंधाऱ्या खोलीत छातीवर थंड, चिकट काहीतरी फासून एक दांडी फिरवली. शेजारच्या टीव्हीवर करड्या मुंग्या हलत होत्या. तेच म्हणे काळीज. ताईबाईंनी एक डोळा उघडून बघितलं. इतकी वर्षं सगळ्यांच्या काळजाला हात घालत आलो, आपलं हे असं दिसतं होय!

आणि मग डॉक्टर भिसे. चाळिशीचा, काटकुळा, चष्मा नाकावर घसरलेला माणूस. ताईबाईंनी ठेवणीतली पुस्तकी भाषा काढली.

"आजी, बसा."

"आजी? आजी तुमच्या घरी असतील. छप्पनावं चालू आहे मला."

"बरं, ताई. चालताना दम लागतो?"

"अजिबात नाही."

"जिना चढताना?"

"आमच्या घराला जिना नाही. धाब्याचं घर, शिडी आहे."

"मग शिडी चढताना?"

"शिडीवर सून चढते."

डॉक्टरांनी चष्मा वर ढकलला. "झोपताना उशा किती लागतात?"

"एक."

मागे उभ्या असलेल्या प्रमिलाच्या बांगड्या वाजल्या. ताईबाईंनी मान न वळवता खाकरून त्या बंद केल्या.

"पाय सुजतात?"

"चपला आटल्या आहेत."

"जेवणात मीठ बंद केलंय ना? साक्रीच्या डॉक्टरांनी लिहिलंय."

"मिठाचं आमच्याकडे कोणी नावसुद्धा घेत नाही."

"पापड, लोणचं?"

"त्याला मीठ कोण म्हणतं? ते पापड, लोणचं."

डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी कागदात लपवलं. म्हणाले, "आता शेवटची तपासणी. बाहेरचा वऱ्हांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस मीटर आहे. सहा मिनिटं तुमच्या चालीने चालायचं. जमेल तितक्या फेऱ्या. दम लागला तर थांबायचं, पुन्हा चालायचं. सिस्टर घड्याळ लावतील."

चाल! इतकंच ना? ताईबाईंनी पदर खोचला. चाल कशी बघतात आणि कशी दाखवतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

पहिली फेरी तोऱ्यात झाली. दुसरीच्या मध्यावर छातीत लोहाराचा घण सुरू झाला. पण ताईबाई कसलेल्या. समोर बाकावर हिलालभाऊ होतेच.

"कोण गाव, भाऊ?" ताईबाई थांबल्या.

"शिंदखेड्याकडचा, अक्का." हिलालभाऊंनी दम खात खात गाव सांगितलं, कपाशीचं सांगितलं, बोंडअळीचं सांगितलं. ताईबाई माना डोलवत राहिल्या. बोंडअळी संपली, दम परत आला, स्वारी पुढे. पुढच्या फेरीत पाण्याच्या माठापाशी थांबून एका बाईला तिचं लुगडं कुठून घेतलं ते विचारलं. त्यापुढच्या फेरीत भिंतीवरच्या गणपतीला हात जोडले, आणि इतका वेळ जोडले, की गणपतीलाच संकोच वाटला असेल. मग पुन्हा हिलालभाऊ. बैल किती, मुलं किती.

"सहा मिनिटं झाली," लता सिस्टर म्हणाली.

ताईबाईंनी विजयी मुद्रेने सुनेकडे पाहिलं. प्रमिला भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडावर रंग नव्हता.

तासाभराने तिघांना आत बोलावलं. डॉक्टरांपुढे दोन कागद होते. ते एकदा या कागदाकडे बघत होते, एकदा त्या.

"सुकदेवभाऊ, यंत्रात झडप गळताना दिसते. काळीजही वाढलंय. पण आकडा अगदी काठावर आहे. अशा वेळी मी माणसाचं ऐकतो. तुमच्या आईंना दम नाही, सूज नाही, झोप चांगली. चालताना थांबल्या, पण सिस्टरने लिहिलंय, गप्पा मारायला थांबल्या." ते हसले. "ज्याला त्रास नाही त्याची छाती उघडायची नसते. या महिन्याच्या चार जागा मी फार त्रास असलेल्यांना देतोय. गोळ्या चालू ठेवा. सहा महिन्यांनी बघू. साक्रीच्या डॉक्टरांना मी कळवतो."

कळवतो.

ताईबाईंच्या कानात कोणीतरी उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. छप्पन वर्षांत हा शब्द त्यांनी साठ घरांच्या उंबऱ्यावर टाकला होता. त्यांच्यावर तो कोणी टाकला नव्हता.

"खोड काय निघाली?" त्यांनी विचारलं.

"खोड निघाली नाही, ताई. तीच तर अडचण आहे."

सुकदेव चाचरत म्हणाला, "मग सहा महिने थांबलं तर चालेल ना, साहेब?"

"त्रास नसेल तर चालेल." डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "त्रास असून लपवला असेल, तर मात्र नाही. असं बघा, घराचं दार खराब झालं तर नवं बसवता येतं. पण गळतीने चौकटच सडली, तर नवं दार बसवायचं कशात? मग माझ्यासारखा सुतार काही करू शकत नाही. पण तुमच्या आई ठणठणीत आहेत. काळजी करू नका."

तिघं बाहेर आली. बाकावर हिलालभाऊ नवरदेवासारखे बसले होते. हसून म्हणाले, "अक्का, मन्हं नाव यादीत उनं! मंगळवारी मुंबई!"

ताईबाई बघत राहिल्या. दाढी तशीच. बटणं तशीच. हा माणूस पसंत, आणि जांभळी नऊवारी नापसंत!

"काय सांगितलं हो तुम्ही आत?"

"काय सांगणार? खाटेवरून उठून मोरीपर्यंत जायला दोनदा बसावं लागतं, ते सांगितलं. लोणचं चोरून खातो, तेसुद्धा सांगितलं. लाज कसली, अक्का? वैद्यापुढे आणि न्हाव्यापुढे मान द्यायचीच असते."

ताईबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. सुकदेव चहा आणायला गेला. प्रमिला सासूशेजारी बसली, आणि ताईबाईंच्या लक्षात आलं, की आज तिने डावा नाही, उजवा कान सासूकडे ठेवला आहे. सगळं ऐकू यावं अशी.

"अक्का, मी जाऊन सांगू का?"

"तोंड उघडशील तर बघ."

"चौकट सडीन, म्हणतस ते."

"चूप बठ म्हणलं ना!"

 प्रमिला उठून दुसऱ्या बाजूला गेली नाही.

आता तो कान. अठरा वर्षांपूर्वी सुकदेवसाठी ताईबाईंनी सात मुली पाहिल्या होत्या. सातही सोन्याच्या. एकीतही दोष नाही, एकीचाही दात वाकडा नाही. ताईबाईंनी सातही जणींच्या बापांना 'कळवतो' म्हटलं होतं. आठवी प्रमिला. ती आली, चालली, कळशी उचलली, आणि मग कोणी न विचारता, सतरंजीवर बसून, म्हणाली, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. नंतर फसवलं म्हणू नका." तिच्या आईने आतून कपाळावर हात मारलेला बाहेर ऐकू आला. बापाने खाली मान घातली.

ताईबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पसंत."

परतीच्या वाटेवर धाकट्या दिराने विचारलं, "वहिनी, बहिरी पोर करता?" ताईबाई म्हणाल्या होत्या, "बिनखोडीची पोर म्हणजे हुशार आईची पोर. त्या सातजणींच्या खोडी मला घरात आणून शोधाव्या लागल्या असत्या. हिची दारातच कळली. अशा माणसावर घर टाकता येतं."

गावभर हे वाक्य त्यांचं त्यांनीच मिरवलं होतं. आज ते धुळ्याच्या बाकावर परत येऊन त्यांच्याच समोर बसलं, पाय हलवत.

सहा महिने. घरची आंब्याच्या लाकडाची चौकट सडायला किती दिवस लागतात? एक पावसाळा. ताईबाईंना एकाएकी आठवलं, गेल्या आठवड्यात मोरीतून उठताना भिंत धरली होती. कोणी बघितलं नाही असं वाटलं होतं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मोरीत एक बसायचं लाकडी स्टूल आलं होतं. कुठून आलं हे कोणी बोललं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

सुकदेव चहा घेऊन आला तेव्हा ताईबाई उभ्या राहिल्या होत्या.

"आई, कुठे?"

"माझी खोड मी सांगेन. सुनेने सांगितली तर ती चहाडी होते." त्या दाराकडे वळल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "तू पण ये गं. आकडे मला येत नाहीत."

आत डॉक्टर पुढच्या पेशंटला नळी लावून बसले होते. ताईबाईंनी दार ढकललं आणि पुस्तकी भाषा उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"डॉक्टर, मी खोटं सांगं. माले दम लागस."

डॉक्टरांनी कानातून नळी काढली.

"चालताना लागस. बोलताना लागस. गप्पा मारायले मी थांबत नही. दम लागस म्हणून थांबस, आणि थांबनू म्हणून गप्पा मारस. त्या हिलालभाऊच्या बोंडअळीशी माले काय करानं शे?"

पुढचा पेशंट म्हणजे एक म्हातारी, ती हसायला लागली. लता सिस्टर तोंडावर हात ठेवून वळली.

"उशा?" डॉक्टरांनी कागद ओढला.

"तीन."

"चार," प्रमिला म्हणाली. "आणि पाचवी गोधडीची घडी. तरी दोन वेळा उठून बसतात."

ताईबाई गर्रकन वळल्या. "तुले काय माहीत? तू तर झोपेल राहस!"

"मी डाव्या कानावर झोपते, अक्का. चांगला कान वरच असतो."

 ताईबाईंना काहीतरी झणझणीत उत्तर द्यायचं होतं. जिभेवर आलंही. पण ते बोलायला लागेल इतका श्वासच त्यांच्याजवळ उरला नव्हता.

"सूज?" डॉक्टर लिहीत होते.

"संध्याकाळी बोट दाबलं की खड्डा पडतो," प्रमिला म्हणाली. "मीठ कमी घालते मी. पण त्यांच्या गादीखाली बिबड्यांचा, ज्वारीच्या खारट पापडांचा, डबा आहे."

"अगं!"

"आणि मिसरी गोठ्यात, कोनाड्यात."

"आता घरचं तांबं-पितळही सांगून टाक!" ताईबाई ओरडल्या आणि खुर्चीत बसल्या. धापत होत्या. नाकपुड्या फुलल्या होत्या. समोरचा चष्म्यातला माणूस कागदाकडे बघत नव्हता, त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होता. आपण कळशी उचलायला लावून बघायचो अगदी तसा. बघू दे, ताईबाईंच्या मनात आलं. बघायचंच आहे तर नीट बघू दे.

"ताई, पुन्हा एकदा चालाल? या वेळी मी स्वतः बघतो. अट एक. कोणाशी बोलायचं नाही."

ताईबाई चालल्या. वऱ्हांड्यातले सगळे पेशंट बघत होते. हिलालभाऊंनी प्रेमाने विचारलं, "अक्का, परत?" आणि ताईबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उत्तर न देता पुढे पाऊल टाकलं. पहिली फेरी संपली. दुसरीत गणपतीपाशी पाय आपोआप थांबले, पण हात जोडले नाहीत. भिंत धरली. उघड्या तोंडाने श्वास घेतला, सगळ्यांदेखत. पुन्हा चालल्या. माठापाशी थांबल्या. तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर श्वास पुरेना आणि त्या जिथे होत्या तिथे, फरशीवर, जांभळ्या नऊवारीसकट खाली बसल्या.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "तीन मिनिटं दहा सेकंद."

प्रमिला पळत आली नाही. ती आधीच शेजारी होती.

डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. फरशीवर बसून पसंती ऐकायची ही पहिलीच वेळ. "हे मला सकाळी कळलं असतं तर या मंगळवारी नेलं असतं. आता चार जागा भरल्यात. पुढच्या महिन्याची पहिली जागा तुमची. चौकट अजून चांगली आहे, ताई. पण तोवर किडलेल्या दोन दाढा काढायच्या, मिसरी बंद, मीठ बंद. पापड आणि लोणचं हे मीठच आहे, हे मी सांगतोय म्हणून ऐकायचं. रोज सकाळी वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर माझी वाट बघायची नाही, लगेच साक्रीला जायचं." मग ते प्रमिलाकडे वळले. "ऑपरेशननंतर जन्मभर गोळी. एक दिवस चुकून चालणार नाही. दर महिन्याला रक्ततपासणी. हे कोण सांभाळणार?"

"मी."

"त्या ऐकतील तुमचं?"

प्रमिलाने विचार केला. "त्या कोणाचंच ऐकत नाहीत. पण मलाही एका कानाने ऐकू येत नाही. त्या गोळी नको म्हणाल्या, की मी तो कान पुढे करीन."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली ठळक रेघ मारली. ताईबाईंना वाचता येत नव्हतं. पण कोणाच्या नावाखाली रेघ मारतात हे समजायला शाळा लागत नाही.

"पसंत ना?" त्यांनी विचारलं.

"पसंत."

"ती," ताईबाईंनी सुनेकडे हनुवटी केली, "की मी?"

"दोघी एकदमच घ्याव्या लागतात, ताई. एकटी बाई आम्ही नेत नाही."

संध्याकाळी गाडी गावात आली. थांब्यापासून घर पाच मिनिटांचं, आणि वाटेत यशोदाबाईंचा ओटा. यशोदाबाई दिवाबत्ती करून वाटच बघत बसल्या होत्या. ताईबाई ओट्यापाशी आल्या आणि नेहमीसारख्या थांबल्या.

"आल्या का ताईबाई!" यशोदाबाई सरसावून बसल्या. "आज गुडघा थोडा बरा शे. पण डावा..."

"यशोदा, तुझ्या गुडघ्याचं उद्या सांग." ताईबाईंनी ओट्याच्या कडेला हात टेकला. "माले दम लागेल शे. म्हणून थांबनू."

यशोदाबाईंचं तोंड उघडं राहिलं. हळूहळू त्यांनी मागची दोन वर्षं मोजली असावीत, कारण त्यांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे रोज थांबत होता, ते माझ्यासाठी नव्हतं?"

"दमासाठी होतं."

"आणि माझा गुडघा?"

प्रमिला आणि सुकदेव खाली बघायला लागले. ताईबाईंनी दोन श्वास घेतले. खोटं बोलायला आज त्यांच्यात ताकद नव्हती, आणि खरं बोलायची सवय नवी होती.

"पहिलं वर्ष दमासाठी," त्या म्हणाल्या. "पुढे पुढे मलाही वाटायला लागलं, की हिच्या त्या गुडघ्याचं शेवटी होतं काय, हे कळायला पाहिजे."

यशोदाबाईंनी फणकाऱ्याने मान वळवली. मग उठून आतून पाट आणला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बसा मग. उभ्याने कशाला दम खाता? चहा टाकते. आणि पापड भाजू का?"

"भाज," ताईबाई पाटावर बसत म्हणाल्या.

"नको!" प्रमिला म्हणाली.

"मी म्हणते, एकच."

प्रमिलाने शांतपणे मान फिरवली आणि डावा कान सासूकडे केला.